दुचाकीवरचे दहा अंश

निफाडला जानेवारीतल्या पहाटे पारा १० अंशांवर आला, तर वारा नसलेल्या अंगणात बसलेल्याला तो १० अंशच असतो. त्याच पहाटे ताशी ६० किलोमीटरने मोटारसायकल हाकणाऱ्याच्या उघड्या चेहऱ्याला तो साधारण ५ अंशांसारखा लागतो. पारा ५ वर असेल, तर उणे २ च्या आसपास. निफाडला तो ५ च्याही खाली उतरतो आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी गवतावर, गाड्यांच्या टपांवर दवाचे हिमकण होतात. म्हणजे महाराष्ट्रात ‘तशी काही थंडी नसते’ हे पायी चालणाऱ्यापुरते खरे आहे. दुचाकीस्वार आपली थंडी स्वतःच तयार करतो, आणि जितका लवकर पोहोचू पाहतो तितकी ती जास्त तयार करतो.

यामागचे कारण साधे आहे. कातडीला लागून हवेचा एक पातळ, अंगच्या उष्णतेने कोमट झालेला थर असतो. हवा स्थिर असली की तो टिकतो आणि पांघरुणाचे काम करतो. वारा सुटला की तो उडून जातो आणि त्या जागी नवी गार हवा येत राहते. हा परिणाम मोजण्याचा प्रयत्न पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या अमेरिकी संशोधकांनी अंटार्क्टिकावर केला. प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात किती वेळात गोठते हे त्यांनी पाहिले आणि १९४५ मध्ये निष्कर्ष छापले. अमेरिका आणि कॅनडा यांनी २००१ मध्ये हे गणित सुधारून घेतले. वरचे आकडे त्या सुधारित सूत्राचे आहेत. मात्र ते सूत्र चालणाऱ्या माणसासाठी आहे आणि त्यातला वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजलेला असतो. जमिनीलगत तो मंदावतो. दुचाकीस्वाराला ही सूट मिळत नाही, त्याला साठचा वारा साठच्याच जोराने छातीवर लागतो. सूत्र सांगते त्याहून त्याला थोडे अधिकच बोचते असे समजावे.

एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. वाऱ्यामुळे वस्तू हवेपेक्षा गार होत नाही, हवेइतकी गार लवकर होते, एवढेच. पारा ५ अंशांवर असताना गाडी कितीही पळवली तरी डबक्यातले पाणी गोठत नाही आणि रस्त्यावर बर्फ धरत नाही. सोसायचे ते जिवंत, गरम शरीराला.

शरीराचे आतले तापमान ३७ अंश असते. ते ३५ च्या खाली गेले की त्याला वैद्यकशास्त्र हायपोथर्मिया म्हणते आणि तो जिवावर बेतू शकतो. महाराष्ट्रातल्या दुचाकीस्वारावर ती वेळ क्वचितच येते. अपघात होतो तो त्याच्या बराच आधी, शरीर स्वतःला वाचवण्याची धडपड करत असताना. गारठा वाढला की मेंदू आणि हृदय यांची ऊब राखण्यासाठी हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. बोटे आधी दुखतात, मग काकडतात, मग दुखायची थांबतात. या तिसऱ्या पायरीवर अनेकांना ‘सवय झाली’ असे वाटते. सवय झालेली नसते, बोटे बधिर झालेली असतात. क्लच किती ओढला, ब्रेक कुठे धरला याची जाण तळव्यातून येते, डोळ्यांनी ते कळत नाही. बधिर हात ब्रेक एक तर उशिरा दाबतो किंवा एकदम आवळतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. हाताने अर्धा सेकंद उशीर केला तरी गाडी ८ मीटर पुढे गेलेली असते.

हुडहुडी ही दुसरी खूण. स्नायू थरथरून उष्णता निर्माण करतात, म्हणून कुडकुडणे हे शरीर झगडत असल्याचे लक्षण आहे. त्या वेळी खांदे कानांपर्यंत चढतात, कोपरे ताठ होतात, आणि ताठ हातांनी धरलेले हँडल खड्ड्याचा प्रत्येक धक्का जसाच्या तसा घेते. गारठा तसाच असताना हुडहुडी आपोआप थांबली, बोलणे जड झाले, साध्या गोष्टीचा निर्णय होईनासा झाला, तर ते धोक्याचे आहे. हे स्वाराला स्वतःला सहसा कळत नाही. मागे बसलेल्याला किंवा बरोबरच्या गाडीवाल्याला कळते.

कपड्यांच्या बाबतीत गावोगावच्या दूधवाल्यांकडून बरेच शिकण्यासारखे आहे. पहाटे साडेचार-पाचला दोन्ही बाजूंना कॅन अडकवून निघणारा माणूस सदऱ्यावर जुन्या वर्तमानपत्राचे दोन-तीन ताव छातीला लावतो, त्यावर स्वेटर घालतो आणि सर्वांत वर रेक्झिनचे जर्किन किंवा पावसाळ्यातला रेनकोट चढवतो. पुढच्या क्रॅशगार्डला खताच्या गोणीचा तुकडा बांधलेला असतो, म्हणजे नडग्यांवर वारा येत नाही. दिसायला हे ओबडधोबड असले तरी शास्त्र पक्के आहे. ऊब लोकरीच्या धाग्यांत नसते, धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेत असते. नुसता स्वेटर घालून गाडीवर बसले की वारा विणीतून आरपार जातो आणि अडकलेली हवा हुसकून लावतो. वर वारा अडवणारे काहीतरी हवेच, मग ते महागडे रायडिंग जॅकेट असो, साधा विंडचीटर असो की रेनकोट. वर्तमानपत्राची युक्ती युरोपातल्या सायकल शर्यतींतही जुनी आहे. घाटमाथ्यावर पोहोचलेले स्पर्धक उतार सुरू होण्याआधी जर्सीत वर्तमानपत्र खोचत. अंगालगतचा कपडा शक्यतो जाड सुती नसावा. सूत घाम धरून ठेवते आणि ओला कपडा कोरड्याच्या कितीतरी पट वेगाने उष्णता पळवतो. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब राखते. धनगराची घोंगडी पावसात आणि थंडीत सारखीच चालते ती त्यामुळेच.

हात गार पडतात म्हणून जाड हातमोजे आणले जातात आणि तरीही हात गारच राहतात, असा अनुभव सर्रास येतो. दोष अनेकदा मोज्यांचा नसतो. छाती, मान आणि पोट गार पडले की शरीर हातांचा रक्तपुरवठा कमी करते. मग मोज्याच्या आत राखायला ऊबच उरत नाही. म्हणून आधी धड आणि गळा झाकावा. गळ्याच्या दोन्ही बाजूंनी मोठ्या रक्तवाहिन्या कातडीच्या अगदी जवळून जातात. जर्किनची चेन हनुवटीपर्यंत लावली तर हातांनाही फरक पडतो. लोकरीचे विणलेले मोजे एकटे निरुपयोगी असतात, त्यावर वारा न शिरणारे काहीतरी हवे. दवाखान्यात वापरतात तसले पातळ रबरी मोजे आत घातले तरी ऐनवेळी काम भागते, फक्त हात घामेजतात. मोजे इतके जाडही नसावेत की क्लच-ब्रेकच्या दांड्या बोटांना लागेनाशा होतील. घट्ट मोजे तर मुळीच नकोत, कारण ते रक्त अडवतात आणि ऊब धरणाऱ्या हवेला जागा ठेवत नाहीत. उत्तरेत दिल्ली-पंजाबाकडे हँडलच्या मुठींवर रेक्झिनच्या पिशव्या बसवतात आणि हात त्यात घालून गाडी चालवतात. महाराष्ट्रात त्या फारशा दिसत नाहीत. त्यांचा उपयोग मोठा आहे, पण हात झटकन बाहेर निघतो की नाही आणि इंडिकेटरचे बटन सापडते की नाही हे गाडी उभी असताना तपासून घ्यावे. डावा हात खिशात घालून उजव्या हाताने गाडी हाकण्याची जी पद्धत रस्तोरस्ती दिसते, तिच्याबद्दल अधिक काही लिहायची गरज नसावी.

मफलरने मात्र अनेकांचा घात केला आहे. सुटे टोक मागे फडफडत राहते आणि चेनमध्ये किंवा मागच्या चाकात गुंतते. मागे बसलेल्या बाईची ओढणी, पदर, शाल यांचेही तेच. पदर चाकात जाऊ नये म्हणून दुचाकीला साडीगार्ड असते, पण ते चाकाचा काही भागच झाकते. टोके जर्किनच्या आत खोचावीत. हेल्मेटखाली जाड कानटोपी घालू नये. हेल्मेट वर उचलले जाते, पट्टा नीट बसत नाही आणि पडल्यावर ते डोक्यावरून निघून जाऊ शकते. कान झाकायला पातळ, डोक्याला चिकटणारे कापड पुरते. मुळात पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट हीच सर्वांत चांगली कानटोपी आहे.

अडचण होते ती त्याच्या काचेची. श्वासातली वाफ गार काचेवर साचते आणि दोन मिनिटांत समोरचे धूसर होते. काच बोटभर उघडी ठेवणे, नाकावर येणारी हेल्मेटमधली पट्टी बसवणे, आतून साबणाचा अगदी पातळ हात फिरवून कोरड्या फडक्याने पुसणे, असे सोपे उपाय आहेत. पिनलॉक नावाची जी दुसरी आतली काच मिळते ती सर्वांत खात्रीची. दोन काचांमध्ये कोंडलेली हवा आतली काच गार पडू देत नाही. दिवसा मिरवायची काळी काच पहाटे घालून निघणे म्हणजे अंधारात गॉगल लावण्यासारखे आहे.

गाडीलाही थंडी वाजते, तिच्या पद्धतीने. बॅटरीतली रासायनिक क्रिया गारठ्यात मंदावते आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. उन्हाळाभर चाललेली जुनी बॅटरी डिसेंबरात मान टाकते ती या दुहेरी ओढाताणीत. ऑइलच्या डब्यावर २०डब्ल्यू-४० किंवा १०डब्ल्यू-३० असे लिहिलेले असते. त्यातला ‘डब्ल्यू’ विंटरचा. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितके ऑइल थंडीत पातळ राहते. मात्र कंपनीने सांगितलेला आकडा सोडून मनाने बदल करू नये. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांना चोक ओढावा लागतो आणि गाडी चालू झाली की तो परत लोटायचा राहून जातो. मग प्लग काळा पडतो आणि दोष थंडीला दिला जातो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतरच्या गाड्यांत बहुधा इंधन इंजेक्शनने जाते. त्यांना चोक लागत नाही. किल्ली फिरवल्यावर पंपाचा बारीक घूं आवाज थांबेपर्यंत क्षणभर थांबून मग बटन दाबले की पुरते. इंजिन उभ्या जागी पाच-दहा मिनिटे तापवत ठेवण्याची गरज नसते. अर्धा-एक मिनिट देऊन हळू निघावे आणि पहिले दोन-तीन किलोमीटर रेस कमी ठेवावी. बंद गॅरेजमध्ये किंवा पडवीत इंजिन चालू ठेवणे तर विषारी वायूमुळे जीवघेणे ठरू शकते.

ते पहिले दोन-तीन किलोमीटर टायरसाठीही महत्त्वाचे असतात. रबर गारठ्यात कडक होते आणि रस्ता कमी धरते. चालून चालून ते थोडे तापले की पकड येते. घराच्या कोपऱ्यावरच्या पहिल्या वळणाला गाडी घसरते त्याचे हे एक कारण. शिवाय टायरमधली हवा आकसते. दर सहा-सात अंशांमागे साधारण एक पीएसआय कमी होतो, म्हणजे दुपारी ३० अंशांत ३० भरलेली हवा पहाटे ८ अंशांवर २७ च्या आसपास असते. हवा सकाळी, गाडी फिरण्याआधी तपासायची असते. दिवसभर पळालेल्या गरम टायरचा आकडा फसवा असतो. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. त्यामुळे चाक जाम होत नाही, पण पकडच कमी असेल तर थांबायला लागणारे अंतर एबीएस कमी करू शकत नाही.

रस्त्याकडे वळताना आधी घड्याळ पाहावे. दिवसातला सर्वांत गार क्षण मध्यरात्री येत नाही, तो सूर्योदयाच्या सुमारास येतो. जमीन रात्रभर उष्णता टाकत असते आणि कोवळे ऊन ती भरून काढू लागेपर्यंत पारा उतरत राहतो. ज्याला शक्य आहे त्याने सहाऐवजी आठला निघावे. दूधवाल्याला, पेपरवाल्याला, पहिल्या पाळीच्या कामगाराला ही मुभा नसते. गार हवा जड असल्याने ती पाण्यासारखी सखल भागात साचते. माळावरून ओढ्याच्या पुलाकडे गाडी उतरू लागली की अचानक गार पाण्यात पाय घातल्यासारखे वाटते आणि पूल ओलांडून वर आले की हवा पुन्हा सौम्य होते, हे गावाकडच्या प्रत्येक गाडीवाल्याला ठाऊक आहे. धुके याच सखल भागात, नदीकाठी, कालव्याच्या बाजूला, नुकत्याच भिजवलेल्या शेतांवर धरते. कोरड्या, स्वच्छ रस्त्यावरून येणाऱ्याला ते भिंतीसारखे समोर येते.

एक किलोमीटरच्या आतले दिसेनासे झाले की हवामानशास्त्र त्याला धुके म्हणते; २०० मीटरच्या आत दाट, ५० मीटरच्या आत अतिदाट. यातून वेगाचा हिशेब करता येतो. धोका दिसून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरला आणि रस्ता कोरडा असला, तर ताशी ६० ला गाडी थांबायला सुमारे ५० मीटर लागतात. म्हणजे ५० मीटरच दिसत असेल, तर दिसते तेवढे सगळे अंतर संपते. ताशी ४० ला ते २७ मीटरवर येते. धुक्यातला रस्ता ओला असतो आणि हात गार, तेव्हा खरे अंतर याहून जास्तच. अप्पर लावल्याने अधिक दिसत नाही, प्रकाश धुक्याच्या थेंबांवरून उलटा डोळ्यांवर येतो, डिपरच ठेवावा. २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनबरोबर आपोआप लागतो, तसाच मागचाही लागतो ना, हे निघताना पाहून घ्यावे.

निफाडच्या पट्ट्यात धुक्यात धुराचीही भर पडते. पारा फार उतरला की द्राक्षबागायतदार घडांना इजा होऊ नये म्हणून पहाटे बागांत शेकोट्या पेटवून धूर करतात. गार हवेत तो वर चढत नाही आणि बांध ओलांडून रस्त्यावर पसरतो. पश्चिम महाराष्ट्रात याच महिन्यांत उसाचा गळीत हंगाम ऐन भरात असतो. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, वाढे दोन्ही बाजूंना लोंबकळणारी, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला किंवा उसानेच झाकलेला. अशी ट्रॉली पंक्चर होऊन अंधारात रस्त्यावरच उभी असली की मागून येणाऱ्याला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. दिवा आणि रिफ्लेक्टर ही ट्रॉलीवाल्याची आणि कारखान्याची जबाबदारी आहे. ती पाळली जाईल असे धरून मात्र दुचाकीस्वाराने गाडी चालवू नये. कारखान्याच्या रस्त्यावर पडलेली उसाची कांडी चाकाखाली लाटण्यासारखी फिरते, आणि दवाने भिजलेले पाचट, रस्त्यावरचे पांढरे पट्टे, पुलाच्या लोखंडी सांध्यांच्या पट्ट्या हे सगळे निसरडे असते. धुके निवळल्यावर, पूर्वेकडे जाणाऱ्याच्या डोळ्यांत थेट समोरून ऊन येते. त्या वेळी काचेवरचे ओरखडे आणि दवाचे थेंब चमकून रस्ता हरवतो.

मागे बसणारा माणूस हात-पाय हलवत नाही, म्हणून त्याला चालवणाऱ्याइतकीच, कधी अधिक थंडी लागते; झोप आली की तोल जातो. टाकीवर पुढे बसवलेले मूल वडिलांसाठी वारा अडवणारी काच होते, इतके स्पष्ट म्हणायला हवे. लहान अंगाला वजनाच्या मानाने कातडी जास्त, म्हणून ऊब लवकर जाते. चार वर्षांखालील मुलाला पट्ट्याने बांधून, नऊ महिन्यांपुढे असेल तर हेल्मेट घालून, आणि वेग ४० च्या आत ठेवूनच न्यावे, असा नियम २०२३ पासून लागू आहे.

पुण्या-मुंबईहून दरवर्षी लडाखला निघणाऱ्या टोळ्यांची थंडी वेगळी. तिथे जून-जुलैतही ती असते. उंची हजार मीटरने वाढली की पारा साधारण साडेसहा अंश उतरतो. लेह ३,५०० मीटरवर आणि खार्दुंग ला ५,३५९ मीटरवर. लेहला २० अंशांचे ऊन असले तरी खिंडीत आठच्या आसपास, आणि वारा वेगळा. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, म्हणून विचारही मंदावतो. बर्फ वितळून येणारे नाले दुपारनंतर फुगतात. सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी चारला गुडघ्याला लागते आणि बूट भिजले की दिवसभर पाय गारच. खरा शत्रू मात्र डांबरावर धरलेला पारदर्शक बर्फ. तो ओल्या डांबरासारखाच दिसतो. तो सावलीतल्या वळणांवर आणि पुलांवर आधी धरतो, कारण पुलाला खालूनही वारा लागतो. त्यावर चाक आलेच तर ब्रेक नाही, क्लचला झटका नाही, गाडी कलवायची नाही. रेस हळूच सोडून सरळ जाऊ द्यायचे. २०२० मध्ये सुरू झालेल्या ९ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून मनालीकडून लाहौलमध्ये बाहेर पडताना हवा क्षणात बदलते. हिवाळ्यात बर्फ पडल्यावर तिथे चारही चाके ओढणाऱ्या किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच सोडतात. दुचाकीने तेव्हा जाऊ नये.

गारठ्यात दर तास-पाऊण तासाने थांबणे हा वेळेचा अपव्यय नाही. टपरीवरचा गरम, गोड चहा आणि दोन घास पोटात गेले की शरीराला जाळायला काहीतरी मिळते. दारूने उलटे होते; कातडीतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, गरम वाटते आणि आतली उष्णता बाहेर जाते, नशा तर वेगळीच. बधिर बोटे शेकोटीत किंवा इंजिनाच्या गरम फिन्सवर धरू नयेत. भाजले तरी कळत नाही. ती काखेत धरावीत किंवा कोमट पाण्यात. रक्त परत येताना मुंग्या येतात, चांगलेच दुखते. ज्यांना हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे त्यांच्यावर गारठा आधीच ताण टाकत असतो. छातीत दाटले तर पुढचे गाव गाठायचा हट्ट न धरता तिथेच थांबावे.

पुन्हा निघण्याआधी एक चाचणी करता येते. मोजा काढून त्याच हाताचा अंगठा करंगळीच्या टोकाला टेकवून पाहायचा, दोन्ही हातांचा. सहज टेकला तर बोटे ब्रेक नीट धरतील. ओढून-ताणूनही टेकत नसेल, तर आणखी एक चहा सांगावा आणि हात पेल्याभोवती धरून बसावे.